विहीणबाईंच्या नऊ जणी

विहीणबाई,

भर पंगतीत वरमाईला "तुम्ही दहाव्या, राखीव" असं सांगणारी नवरीची आई अख्ख्या जिल्ह्यात मी एकटीच निघाले असेन. माझ्या मीनाचं तुमच्या बालाजीशी लग्न लागून तास झाला नव्हता. विहिणीची पंगत बसलेली. तुमच्या पाटाभोवती रांगोळी, उदबत्ती, पुढ्यात चांदीचं ताट आणि मी पदर खोचून आग्रह करतेय, अजून एक घ्या, माझ्या गळ्याची शपथ. तेवढ्यात तुमच्याकडच्या कुणीतरी बाईनं विचारलं, "तुम्ही दोघी एकाच संघात खेळलाव म्हणं खो-खो?" बस्स. मुलीची आई आहोत, मान खाली घालून वाढायचं असतं, हे सगळं मी त्या एका प्रश्नापायी विसरले. हातातला झारा उंच धरून सांगायला लागले, "ढोकीच्या संघात आजवर ज्या खेळल्या, त्यातल्या सगळ्यात भारी नऊ जणी काढल्या तर पहिली मी. विहीणबाई दहाव्या. नवात न्हाय बसत, पण राखीव म्हणून चालतील."

तेव्हा मी लहान नव्हते. चाळिशी ओलांडली होती. पण काही बायकांची अक्कल लेकीच्या लग्नातसुद्धा वयात येत नाही.

तुम्ही घास खाली ठेवलात, उठलात. वाढपी हातातली बादली धरून जागीच थांबले. आमचे मास्तर, मीनाचे वडील, माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सुमे, पोरगी आजच परत घेऊन जायची का काय तुला?" मी रुसलेल्या विहिणीची समजूत काढायला काय काय द्यावं लागतं, ते मनात मोजायला लागले.

आणि तुम्ही परत आलात, बुंदीच्या लाडवांची परात घेऊन! जमिनीवर बसलात. एका टोकाला तांब्या ठेवलात, दुसऱ्या टोकाला पाण्याचा जग. म्हणालात, "हे खांब." दोन खांबांमधल्या पट्टीवर आठ लाडू मांडलेत, एक सोडून एक उलट्या तोंडाचे. लाडवाला तोंड कुठलं असतं? पण तुम्ही मांडलेत तेव्हा आम्हा सगळ्यांना ते दिसलं. नववा तांब्याजवळ उभा. मग एकेका लाडवावर बोट ठेवून नावं सांगितलीत. पहिली उषा. दुसरी शमीम. चौथ्यावर बोट ठेवून म्हणालात, "ही मी. लाजायचं काय त्यात? माप घेतलं की येतंय तेवढं."

नऊ झाले. माझं नाव आलंच नाही. मी लाज सोडून विचारलं, "आणि मी?"

"तुम्ही अजून परातीत."

पंगत हसून हसून लोळली. मीना पाटावरून हसली, बालाजीच्या मुंडावळ्या हलल्या, मास्तरांच्या जिवात जीव आला. तुम्ही हात धुऊन पुन्हा ताटावर बसलात आणि मला म्हणालात, "आता वाढा." त्या दिवशी माझ्या लेकीला कसलं घर मिळालंय ते मला कळलं. खरं बोलूनही जिथं जेवण सुटत नाही, असं घर.

आता तुम्ही गेलात. परवाच्या शोकसभेत एक बाई माइकवर म्हणाली, "विमलबाई आपल्याला खो देऊन गेल्या." मी मागं बसून मनात म्हटलं, आता हिचं काही खरं नाही. तुम्ही असता तर लगेच म्हणाला असता, "खो पाठीमागून द्यायचा असतोय, आणि मोठ्यांदा. मी गुमान गेले. हा फाउल हाय." हसू आलं म्हणून तोंडात पदर धरला. शेजारच्या बाईला वाटलं मला हुंदका आला. तिनं माझ्या पाठीवरनं हात फिरवला. दोन्ही खरं होतं म्हणा.

मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते शाळेमागच्या काळ्या रानात. बाभळीचे दोन खांब, काचेनं घासून गुळगुळीत केलेले, आणि तुम्ही त्यांना तेल लावत बसला होता. तुम्ही कप्तान, मी चार वर्षांनी लहान, दोन वेण्यांची, तोंडाळ. मला तेव्हा खात्री होती की खो-खो हा खेळ देवानं माझ्यासाठी काढलाय. मुरुम गावाशी झालेल्या सामन्यात मी पाठलागावर होते. त्यांची गडी तुमच्या चौकोनाला चाटून पळत होती. तुम्ही बसलेल्या, तुमच्या पाठीत एक थाप द्यायची, खो म्हणायचं, की ती तुमच्या हातात होती. पण मला लोकांनी टाळ्या वाजवायला हव्या होत्या. मी स्वतःच सूर मारला. तोंडभर माती. गडी पलीकडं उभी राहून माझ्याकडं कुतूहलानं बघतेय. तुम्ही काही ओरडला नाहीत. सामना संपल्यावर पाण्याचा तांब्या पुढं करून एवढंच म्हणालात, "पोट भरलं का मातीनं?"

त्या पोरीचा आज विचार करते तेव्हा तिच्या वेण्या ओढाव्याशा वाटतात. गुडघे फुटले की ती पट्टी बांधायची नाही. सगळ्यांना रक्त दिसावं म्हणून!

बायका जावा-नणंदांची उणीदुणी काढतात, आपण खेळाडूंचे नंबर लावले. मी धाराशिवला, तुम्ही ढोकीला, मधल्या रस्त्यावरनं आपली भांडणं फोनवरून धावत राहिली. पहिल्या नंबरावर आपलं कधीच जमलं नाही. माझी शमीम, तुमची उषा. शमीम पळणाऱ्यांच्या पहिल्या तुकडीत आत जायची आणि डाव संपेपर्यंत समोरच्या नऊ जणींना हुलकावण्या देत नाबाद बाहेर यायची. ओढणी कमरेला गच्च बांधलेली, चेहऱ्यावर घाम नाही. जणू बाजारात जाऊन आली. तिच्या अब्बांना कुणी म्हणालं, पोरगी लई पळती, तर ते म्हणायचे, "पळती न्हाय, बाकीचे थांबत्यात." असली खेळाडू सोडून तुम्ही पहिला नंबर कुणाला देणार? तर उषाला. मधल्या चौकोनात बसणारी उषा. तिनं किती गडी टिपले ते कुणाला आठवत नाही. तिचा चेहरासुद्धा मला नीट आठवत नाही, देवाशपथ.

"म्हणूनच तुम्ही परातीत," असं तुम्ही म्हणायचा. "सुमनबाई, लोक पळणारीकडं बघत्यात. तुम्ही बी. जरा बसलेलीकडं बघा. खो ऐकून उठायला उषाला श्वासाएवढाबी वेळ लागत नव्हता. आणि उठली की गडी कुठं जाणार हे बघून, हातातली शिकार पुढचीला देऊन मोकळी. टाळ्या पुढचीला. हिला काय, परत गुमान बसायचं."

मी म्हणायचे, "मग तिला पहिला नंबर बसण्याचा देता का?"

"व्हय. बसायला लई अक्कल लागती. तुम्हाला न्हाय जमलं अजून."

तुमच्याशी भांडता भांडता माझा स्वतःचा नंबर मात्र घसरत गेला. मीनाच्या लग्नात मी पहिली. ऋतुजाच्या बारशाला तिसरी. मास्तर गेले त्या वर्षी मी फोनवर तुम्हाला म्हटलं, "मी सातवी असंन, विहीणबाई." माझं सांत्वन म्हणून तरी तुम्ही वर चढवाल असं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "सातवी? अजून जरा वर धरताय. बरं, जेवलाव का?" आणि मग रोज, त्याच वेळी, भांडण काढायला फोन करत राहिलात. बाकी सगळे मला जपून बोलत होते, हळू हळू, काचेच्या भांड्याशी बोलावं तसं. त्या दिवसांत मला माणसासारखं वागवलं ते तुम्ही एकट्यांनी. मी चिडायचे, फोन आपटायचे आणि चिडल्यामुळं मला भूक लागायची. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाला असता, "आभार मानून नंबर वाढत न्हाय."

पण आपलं खरं भांडण ऋतुजावरून. तुमच्या बालाजीची, माझ्या मीनाची ही पोर. तुमच्या अंगणात वाढली, तुम्हाला माय म्हणायची, मला आजी. तिला पाचव्या वर्षी तुम्ही दोन विटांच्या मध्ये पळायला शिकवलंत. आज ती ढोकीच्या संघात आहे. असा सूर मारते की बघत राहावं. मोबाइलवर तिच्या सुरांचे व्हिडिओ फिरतात, मी ते सोसायटीतल्या बायकांना पकडून पकडून दाखवते. मी तिला केव्हाच तिसरा नंबर देऊन टाकला होता. आणि तुम्ही नवात घ्यायला तयार नव्हता! सख्खी नात!

गेल्या दिवाळीत ती तुमच्या पायाशी बसली होती, तुम्ही तिच्या डोक्याला तेल लावत होता. मी समोर करंज्या खात होते. ती म्हणाली, "माय, खरं सांग की. मी कितवी?"

"घाई काय हाय?"

"आजी तर तिसरी म्हणती."

"तुझी आजी कपाशीलाबी आंबा म्हणंल, तुझ्या दारात उगवली तर."

"म्हंजी मी नवात बी न्हाय?"

"नवात बसायचं तर कुणाला तरी उठवावं लागंल. कुणाला उठवू? उषाच्या पाठीत थाप मारून ये, म्हणावं ऊठ. उठली तर बस." मग तिची मान सरळ करून तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "खो बसला की तू डाव्या हातावर रेलून उठतीस. हात टेकवायचा असतोय, त्यावर रेलायचं न्हाय. तिथं तुझा अर्धा श्वास जातोय."

ती रुसून आत गेली. मी तुमच्यावर तुटून पडले. म्हटलं, पोरीचं मन राखायला एक नंबर दिला तर तुमचं काय जातंय? तुम्ही तेलाचे हात पायांना पुसत म्हणालात, "तुम्ही लाड करा, आजी हाव. पण तिला खरं सांगणारं घरात एक तरी पाहिजे. मी गेल्यावर कोण सांगंल?"

मी म्हटलं, "एवढ्यात कुठं जाताय?"

तुम्ही तेलाची बाटली झाकून ठेवलीत. मी पुढची करंजी उचलली.

आणि मग तुम्ही गेलातच. आदल्या संध्याकाळी शमीम-उषावरून भांडलो होतो, मीच फोन आपटला होता. सकाळी मीनाचा फोन आला.

मला तुमचं सुतक नाही, विहीणबाई. शास्त्र असं आहे की व्याह्यांना सुतक लागत नाही. चुलत-चुलत दीर, ज्यांनी तुम्हाला वर्षात एकदा पाहिलं, ते दहा दिवस सुतकात. पन्नास वर्षं तुमच्याशी भांडणारी मी मात्र मोकळी, देवपूजा करायला पात्र. मी ते दहा दिवस देवासमोर दिवा लावला नाही. देव काही म्हणाला नाही.

त्या दहा दिवसांतच तुळजापूरला जिल्ह्याची अंतिम फेरी होती. ढोकीचा संघ आणि त्यात ऋतुजा. तुमच्या ओसरीवर बैठक भरली. तुमचे धाकटे दीर भाऊसाहेब आता घरात तेच मोठे म्हणून बोलले, "घरात सुतक असताना पोरगी चड्डी घालून मैदानात पळणार? गाव तोंडात शेण घालंल." बालाजी खाली मान घालून बसलेला. आई गेलेली, बोलणार कसा? मीना सून. ऋतुजा दाराआड उभी, तिचे फक्त पाय दिसत होते. ते पाय बघून मला राहवलं नाही.

पदर डोक्यावर घेतला आणि म्हटलं, "भाऊसाहेब, मी मुलीकडची. मला बोलायचा हक्क न्हाय, म्हणून जरा मोठ्यानं बोलते. दहाव्याला पिंडाला कावळा शिवायला पाहिजे का न्हाय?"

"शिवायलाच पाहिजे."

"विमलबाईंचा हट्ट तुम्हाला ठाऊक हाय. पोरीला घरात बसवा, न् मग बसा तेरणेच्या काठी कावळ्याला हाका मारत. दुपार होईल, संध्याकाळ होईल. बामन निघून जाईल. कावळा येणार न्हाय. त्या येऊ देणार न्हायत."

ओसरीवर कुणीच हसलं नाही. सगळ्यांच्या डोळ्यांपुढं ती संध्याकाळ उभी राहिली असणार. तुम्हाला ओळखणाऱ्या कुणालाही ती खरी वाटली असती. भाऊसाहेबांनी मिशीवरनं हात फिरवला. "वहिनीचं काय सांगता येत न्हाय," असं पुटपुटत उठले, आणि दारापाशी ऋतुजाच्या पायांकडं बघून म्हणाले, "जिंकून ये मग. नुसती जाऊ नको."

ती जिंकून आली नाही. सांगायलाच हवं. मी मैदानाच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. ऋतुजानं दोन असे सूर मारले की माणसं उभी राहिली, मीही राहिले. पण मग काय झालं कुणास ठाऊक, मला तुमचा आवाज आठवला आणि मी पळणारीकडं बघायचं सोडून बसलेल्यांकडं बघायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा. आणि विहीणबाई, सगळा खेळच वेगळा दिसला हो! आठ पाठी दिसल्या, आठ मानांची वळणं दिसली. कोण ऐकतंय, कोण नुसतं बसलंय, कुणाचं लक्ष प्रेक्षकांत आहे, सगळं उघड्या पुस्तकासारखं. तुम्ही इतकी वर्षं हे बघत होता आणि मी शेजारी बसून धूळ बघत होते. त्या एका संध्याकाळी मला तुमची थोरवी कळली. तुमचा खेळ मी पाहिला होताच, पण तुमचे डोळे मला त्या दिवशी मिळाले.

मग शेवटच्या मिनिटांत ऋतुजाला खो बसला आणि मला तो डावा हात दिसला. ती रेलली. अर्धा श्वास. तेवढ्यात समोरची गडी खांबाला वळसा घालून पार झाली. एका गुणानं हरलो. सगळं मैदान म्हणत होतं, नशीब. मला एकटीला ठाऊक होतं की तो हात होता.

दहाव्याला तेरणेच्या काठी पिंड मांडला. बायका लांब उभ्या. कावळे होते, बाभळीवर ओळीनं बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. भाऊसाहेब हात जोडून म्हणाले, "वहिनी, घराची काळजी करू नका, सगळे मिळून राहू." कावळा हलला नाही. बालाजी रडत म्हणाला, "आई, तुझ्या बागेतल्या लिंबांना मी पाणी घालीन." एकानं पंख झाडले, परत बसला. मीनानं काही मनात म्हटलं. काही नाही. ऊन चढायला लागलं. भाऊसाहेब माझ्याकडं बघायला लागले, जणू मीच कावळ्यांना पढवून आणलंय.

मला माहीत होतं तुम्ही कशासाठी अडला होता. पण ते बोलायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं, कारण ऋतुजा माझ्या मागंच उभी होती. नातीला तिसरी म्हणण्यात केवढं सुख असतं, ते तुम्ही कधी घेतलं नाहीत म्हणून तुम्हाला ठाऊक नाही. शेवटी पुढं झाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "विमलबाई, मी ऋतुजाला नवात बसवणार न्हाय. तिचं हातावर रेलणं सुटेपर्यंत तर न्हायच. लाड मी करीन, पण खोटं सांगणार न्हाय. ते काम आजपासून माझं."

कावळा उतरला. भुकेला असेल, मला कळतं. पण भाऊसाहेबांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा वाकून नमस्कार केला. तुमचा नमस्कार मी फुकटात घेतला.

एक सांगून टाकते. माझ्या नवात आता तुम्ही दुसऱ्या आहात. उषाला मी तिसरी धरलंय, तिचा चेहरा आठवेल तेव्हा बघू. पहिली मात्र शमीमच. तुम्ही गेलात म्हणून तुम्हाला पहिला नंबर देणार नाही. दिला असता तर तुम्हीच मला कधी माफ केलं नसतं. मी स्वतः कुठं आहे ते विचारू नका. भांडायला समोर कुणी नसताना नंबर सांगण्यात मजा नाही.

परत येताना जीपमध्ये ऋतुजा माझ्या शेजारी बसली. तोंड पलीकडं फिरवून. मला वाटलं, गेली, ही पोर आता माझ्याशी कधी नीट बोलणार नाही. एका आजीला पोचवून आली आणि त्याच दिवशी दुसरीनं तिला चारचौघांत उठवून लावलं. जीप डांबरीला लागली तसं तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "नवात न्हाय, मग कितवी? खरं सांग."

मी तिच्याकडं बघितलं नाही. खिडकीबाहेर बघत म्हटलं, "बारावी."

माझ्या खांद्यावर डोकं टेकलं तिनं आणि म्हणाली, "बारावी? जायच्या आदल्या दिशी माय मला अकरावी म्हणाली होती. तू तर तिच्याहून कडक निघालीस, आजी."